मधलं मॉडेल

ताईने दोन्ही हात उचलले, बोटं पसरली आणि ती तशीच थांबली. टाय लावलेल्या सेल्समनचं वाक्य अजून संपलेलं नव्हतं. हा माणूस एकदा सुरू झाला की श्वास घ्यायलाही थांबत नसे, आणि त्याच्या बोलण्यातलं काय घ्यायचं नि काय वाऱ्यावर सोडायचं हे ठरवायला तिला जरा अवधी लागे. समोर शोरूमच्या गुबगुबीत सोफ्यावर आई आणि बाबा अगदी कडेला टेकून बसले होते. दोघांचे डोळे तिच्या हातांवर होते.

आईबाबांना दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नाही. तेरा वर्षांच्या ताईला येतं, आणि तिच्या अडीच वर्षांच्या भावाला, बारक्यालाही येतं. त्यामुळे बँक असो, दवाखाना असो, नाहीतर नळ दुरुस्त करायला आलेला माणूस असो, या घराचं तोंड म्हणजे ताई. आज गाडीची पाळी होती. विजेवरही चालणारी आणि पेट्रोलवरही, घरी प्लग लावून चार्ज करायची, सगळं कुटुंब सामानसुमानासकट मावेल अशी उंच गाडी. गाडी कुठली घ्यायची यावर वर्षभर खल झाला होता आणि ते एकदाचं ठरलं होतं. आता घोडं अडलं होतं ते मधलं मॉडेल घ्यायचं की टॉप, यावर. बेस मॉडेलचा विषय टायवाल्याने पहिल्याच मिनिटाला असा काही झटकून टाकला की त्याबद्दल विचारायचीही लाज वाटावी.

दोन्हींना इंजिन तेच, बॅटरी तीच. टॉपला काचेचं छत, मोठी चाकं आणि खालून गार हवा सोडणाऱ्या सीट. काचेच्या छताचं ताईच्या हातांवर बघून बाबांनी नाक मुरडलं. ऊन डोक्यावर घ्यायची हौस कुणाला, असं त्यांनी दोन बोटांत सांगून टाकलं. बाबा छापखान्यात मशीन चालवतात. गाडीचं बॉनेट उघडून कधी दाखवतात याच्याकडे त्यांचं सगळं लक्ष लागलं होतं.

"आणि मेन गोष्ट राहिलीच," टायवाला पुढे सरसावून ताईला म्हणाला. "टॉपमध्ये आत एक कॅमेरा येतो. मागच्या सीटवर कोण काय करतंय ते पुढच्या स्क्रीनवर दिसतं. तुझ्या आईसाठी तर एकदम बेस्ट बघ, बाळा. मान वळवायलाच नको. तू मागून हाताने काहीही बोल, त्यांना समोर दिसणार."

माणूस बोलला ते शंभर टक्के खरं होतं. घरची जुनी गाडीही आईच चालवायची. मागून कुणी हाक मारलेली तिला कळायची सोय नव्हती, म्हणून प्रत्येक सिग्नलला ती मान पिळून मागे बघायची. एकदा ताई नसताना बारक्या मागे उलटी करून रडून रडून लालबुंद झाला होता आणि पुढे दोघांना पत्ता नव्हता, तेव्हापासून तर फारच. कॅमेऱ्याचं कळलं असतं तर तिने बाकी काही न बघता तिथल्या तिथे टॉप मॉडेलवर बोट ठेवलं असतं.

ताईचे हात वर होतेच, ते तिने हलवले. सीटचं कापड चांगलं आहे म्हणतोय, लवकर मळत नाही, असं तिने सांगितलं.

एवढं बोलला तो त्यात कापडच होतं का, असं बाबांनी विचारलं.

बाकी काही विशेष नाही, ताईचे हात म्हणाले, आणि तिने पटकन बारक्याच्या बुटाचा बंद बांधायला घेतला. बंद सुटलेला नव्हता.

त्यांच्या घरात 'काही विशेष नाही' हे तीन शब्द शिवीच्या जागी होते, आणि त्याला कारण होतं. आईचं बालपण भरल्या घरात गेलं. जेवणाच्या टेबलाशी सगळे खो-खो हसत, ही बहिणीला कोपराने ढोसून विचारी, काय झालं? बहीण खुणेने सांगे, काही विशेष नाही, नंतर सांगते. ते नंतर काही कधी आलं नाही. मग आपला संसार मांडला तेव्हा आईने नियम करून टाकला. आईबाबा समोर असताना नुसत्या तोंडाने कुणी बोलायचं नाही. जे काय बोलायचं ते हातांनी, सगळ्यांना दिसेल असं. नियमाला नाव ठेवायला कुठे जागा नव्हती. ताईलाही तो मनापासून मान्य होता.

पंचाईत एवढीच झाली की बारक्या बोलेना. हातांनी तो चुरुचुरु बोलायचा. दूध, अजून, चंद्र, नको, परत नको. पण तोंडातून शब्द फुटेना. बालवाडीच्या बाईंनी ताईला बाजूला घेतलं आणि कान उत्तम आहेत पण घरात बोलणं कानावर पडत नाही, ते पडायला हवं, असं सांगितलं. ताईने ते आईला जसंच्या तसं सांगितलं. आईचा चेहरा उतरला. तिने शेजारच्या आजींना रोज तासभर बारक्याशी गप्पा मारायला बसवलं. आजी तासभर गप्पा मारायच्या खऱ्या, पण टीव्हीशी.

तेव्हा ताईने आपला मार्ग शोधून काढला. गाडीत आईबाबा पुढे बसत आणि त्यांच्या पाठी मागे असत. अख्ख्या जगात मागची सीट हीच एक जागा होती जिथे ते असूनही समोर नव्हते. म्हणजे नियम मोडत होता, पण कडेकडेने. तिथे ताई तोंड उघडायची. बारक्याला रस्त्यावर दिसेल त्याचं नाव शिकवायची, आणि शिकवता शिकवता आपलंही काय काय बोलून घ्यायची. वर्गात कोण शिष्ट आहे, गणिताच्या सरांना शिंक आली की ते कसे दिसतात, आपल्याला कशाची भीती वाटते. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं इकडून तिकडे वाहून नेणाऱ्या पोरीला स्वतःची वाक्यं बोलायला तेवढीच जागा होती. आईची मान वळायच्या आत तिचं तोंड मिटलेलं असे आणि हात उचललेले. गेल्या चार महिन्यांत बारक्या पाच-पन्नास शब्द बोलायला लागला होता. आईला वाटत होतं, आजींचा गुण आला. आणि आता हा टायवाला नेमका तिथेच कॅमेरा लावायला निघाला होता.

चालवून बघायला जी गाडी काढली ती टॉप मॉडेलची होती. त्यांच्याकडे ठेवलेली तीच एक होती. ताईचा जीव टांगणीला लागला. पहिला फेरा बाबांनी मारला आणि ते परत आले ते काचेच्या छताच्या प्रेमात पडून. आकाश दिसतं, असं त्यांनी आईला तीन वेळा सांगितलं, जसं काही खाली उतरल्यावर ते दिसत नाही. दुसऱ्या फेऱ्याला ते मागे राहिले, कारण त्यांना शोरूममधल्या एका गाडीचं बॉनेट उघडून मिळालं होतं. आई चालवायला बसली, टायवाला तिच्या शेजारी, आणि मागे ताई आणि बारक्या.

टायवाल्याने बटण दाबायची खूण केली. आईने दाबलं. स्क्रीन उजळली. आई स्टिअरिंगवर हात ठेवून गाडी सुरू व्हायची वाट बघत बसली.

"चालू आहे, मॅडम. कळलंच नाही ना? हीच तर गंमत. विजेवर असली की आवाज म्हणून नाही," टायवाला कौतुकाने म्हणाला. मग आपण कुणाला काय सांगतोय हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मागे ताईला हसू आवरेना.

आवाज नाही याचं आईला काय कौतुक असणार? तिच्या लेखी कुठल्याच गाडीला कधी आवाज नव्हता. पण थरथर होती. इंजिन सुरू झालं की तळहातांना, मांड्यांना, पाठीला ते कळे. जिन्यावरून कुणी चढत असलं तर पायांना कळे. ती दातांच्या कवळ्या बनवायची, आणि तिथलं घासायचं यंत्र सहा तास हातात गुणगुणत राही, घरी आल्यावरही मनगटात उरे. लोकांना वाटायचं हिचं जग गप्प आहे. ते कधीच गप्प नव्हतं. ते सारखं हातापायांना धरून काहीबाही सांगत असायचं.

तिने पाय दाबला आणि फाटकाचे खांब मागे सरकले. तळहाताला काही कळलं नाही. तिने घाबरून ब्रेक दाबला. पुन्हा हळूच पाय टेकवला, आणि पुन्हा ती एवढी थोरली गाडी तिच्या हाताला काहीएक न सांगता निघाली. रस्ता येत होता, झाडं जात होती, आणि स्टिअरिंग मात्र टेबलावर ठेवलेल्या ताटासारखं स्थिर होतं. आईच्या अंगावर शहारा आला. ऐकू येणारी माणसं शांतता शांतता म्हणतात ती ही असणार, असं तिला वाटलं. आयुष्याची चाळीस वर्षं गेली आणि ती आत्ता भेटली. रस्ता सरळ होता, तरी तिने स्टिअरिंग दोन्ही हातांनी अगदी जपून धरलं होतं.

मोठ्या चौकात सिग्नल लागला. सवयीने तिची मान वळणार, एवढ्यात टायवाल्याने तिच्यासमोर बोट धरलं. तासाभरात तो एक गोष्ट शिकला होता, की बाईंशी तोंडाने बोलून उपयोग नाही. त्यामुळे तो अवाक्षर न बोलता पुढे वाकला, त्याने स्क्रीनवर दोनदा टिचकी मारली आणि मोठ्या खुशीत बोट दाखवलं. मागे ताईला काही कळायचं कारणच नव्हतं. ती आडवी वळून बारक्याकडे तोंड करून बसली होती.

स्क्रीनवर मागची सीट दिसत होती. ताईचं तोंड चालू होतं. हात मांडीवर पडलेले होते.

आईच्या छातीत जुनं दुखणं उठलं. तेच जेवणाचं टेबल, तेच हसणं. आपल्या पाठीमागे आपलीच पोरं. तेवढ्यात सिग्नल सुटला. तिने चौक ओलांडला, पुढच्या वळणावर रस्त्याच्या कडेला गाडी घेतली, थांबवली आणि मग नीट बघितलं.

पुढे एक लाल ट्रक उभा होता. ताई बोटाने तो दाखवत होती आणि तोंड मोठं उघडून एक शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिची जीभ वर जाऊन दातांमागे टेकत होती, खाली येत होती, परत टेकत होती. ती जागा आईच्या रोजच्या कामातली. कवळी करताना तिथली जाडी ती पुन्हा पुन्हा तपासायची, कारण जीभ तिथे नीट टेकली नाही तर म्हाताऱ्या माणसांचं बोलणं बोबडं होतं, असं तिला शिकवलेलं होतं. टेकली की काय होतं हे तिने कधी ऐकलेलं नव्हतं. बारक्याने बहिणीच्या तोंडात सरळ बोट घातलं आणि जीभ कुठे जाते ते चाचपून बघितलं. ताईने घालू दिलं. मग त्याने आपलं इवलंसं तोंड उघडलं. जीभ ओठांच्या बाहेरच आली. पुन्हा उघडलं, पुन्हा बाहेर. तिसऱ्या खेपेला ती वर गेली, दातांमागे टेकली आणि खाली आली.

लाल. शब्द एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेला आणि जाताना आईने तो बघितला. आजीबिजी काही नाही, हे इथे चाललं होतं.

ताईने भावाचे गाल कुस्करले. मग ती मागे टेकली आणि आपलंच काहीतरी सांगायला लागली. काय सांगत होती त्यातला एखादाच शब्द आईला ओठांवरून कळला, बाकीचे निसटले. पण तिचं लक्ष चेहऱ्याकडे होतं. हातांनी बोलताना ताईचा चेहरा कायम आईकडे असे, कळलं का, नीट सांगितलं ना, असं विचारणारा. हा चेहरा कुणाला काही विचारत नव्हता. तो नाक फेंदारत होता, भुवया नाचवत होता, कुणाची तरी नक्कल करत होता, मध्येच गंभीर होत होता. तेरा वर्षं सांभाळलेली पोरगी आणि तिचा हा चेहरा आपण आज पहिल्यांदा बघतोय, याने आई थक्क झाली. तिला राग यायला हवा होता. राग आला नाही. आपण आपल्याच घरात चोरून आल्यासारखं तिला वाटलं, आणि तरी नजर काढवेना. गाडीत काही म्हणजे काही थरथरत नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

टायवाल्याने कागदी रुमालांचा डबा पुढे केला. टॉप मॉडेल खपलं, याविषयी त्याच्या मनात आता शंका उरली नव्हती. मग पेट्रोलवर कशी चालते हेही दाखवावं म्हणून त्याने एक बटण दाबलं. आईच्या तळहाताला ओळखीची थरथर लागली तशी ती भानावर आली. तिने स्वतः टिचकी मारून कॅमेरा बंद केला आणि पुढे कुठेही मान न वळवता गाडी शोरूमला आणली.

बाबा वाटच बघत होते. त्यांचं ठरलं होतं, टॉप. पोरांना आकाश दिसेल, असं ते आता मुलांच्या नावावर खपवत होते. आईने त्यांचं सगळं बघून घेतलं आणि मग सावकाश हात उचलले. मधलं घेऊ, ती म्हणाली. बाबा तोंडाकडे बघत राहिले. ताईच्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरलं. ती उत्साहाने टायवाल्याकडे वळली.

"मधलं मॉडेल घ्यायचं ठरलंय."

टायवाल्याचा चेहरा पडला.

"अगं पण मॅडमना तो कॅमेरा केवढा आवडला होता," तो म्हणाला. "मी तुला सुरुवातीलाच सांगितलं नव्हतं का, मागच्या सीटचा? तेव्हा तू त्यांना सांगितलंस की नाही? मगाशी गाडी बाजूला घेऊन त्या बघतच बसल्या होत्या. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. विचार ना, मग टॉप का नको?"

मागे आपण काय काय बोललो होतो ते एकेक करून ताईला आठवलं, आणि तिचे कान गरम झाले. आई तिच्याकडे बघत होती. घाई करत नव्हती, भुवया उंचावत नव्हती. नुसती हातांकडे बघत थांबली होती. काही विशेष नाही, एवढं म्हटलं की सुटका होती. टायवाल्याला ही भाषा येत नव्हती आणि त्याला काय उत्तर द्यायचं ते तिला सहज सुचलं असतं.

तिने हात उचलले. आणि सगळं सांगितलं. टॉपमध्ये मागच्या सीटचा कॅमेरा आहे. याने मला ते सुरुवातीलाच सांगितलं होतं आणि मी ते तुम्हाला सांगितलं नाही. तू मगाशी बघत होतीस, असं हा म्हणतोय. तुला रडू आलं, असं म्हणतोय. मग टॉप का नको, असं विचारतोय.

बाबांनी चमकून आईकडे बघितलं. आईचे हात नेहमीपेक्षा आखडते, छातीजवळ हलले. ताई ते बघत होती आणि बघता बघता तोंडाने सांगत होती, नेहमी सांगते तसं, आईच्या जागी उभं राहून.

"कॅमेरा चांगला आहे. पण तो गाडीत असला तर माझ्याने बघितल्याशिवाय राहवणार नाही. बंद ठेवीन म्हटलं तरी नाही." ताईने पुढचं सांगितलं. "आणि आई बघतेय म्हटल्यावर मागे कुणी मोकळं बोलणार नाही. माझ्या पोरांना बोलू दे."

टायवाला आळीपाळीने दोघींकडे बघत राहिला.

"हे कोण म्हणतंय?" त्याने हळूच विचारलं. "तू, का मॅडम?"

"आई म्हणतेय," ताई म्हणाली.

मग ती आईकडे वळली आणि हा काय विचारत होता नि आपण काय उत्तर दिलं, तेही तिने हातांनी सांगितलं. त्यातलं काही गाळलं नाही.